किल्ली आधी की डिपॉझिट आधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या अनगोळमध्ये चार वर्षं भाड्याने राहणारं एक कुटुंब. मिस्टरांची नोकरी उद्यमबागेतून शिरोलीच्या एमआयडीसीत गेली, म्हणून ३० तारखेला बिऱ्हाड कोल्हापूरला हलवायचं आहे. भाडं ८,५०० रुपये, डिपॉझिट ६०,००० रुपये. सुरुवातीला अकरा महिन्यांचा करार झाला, पुढे तो कुणी नवा केलाच नाही. ६ तारखेला घरमालकांना व्हॉट्सॲपवर कळवलं. मालक, ज्यांना ही मंडळी काका म्हणतात, आधी म्हणाले, ‘‘नवा भाडेकरू आला की देतो.’’ मग हिशेब सांगितला: रंगाचे १५,०००, नोटीस कमी दिली म्हणून एक महिन्याचं भाडं ८,५००, ओल आलेल्या भिंतीचे १२,०००, किरकोळ मोडतोड ४,५००. म्हणजे ४०,००० गेले, हातात २०,०००. ताई विचारतात, हे बरोबर आहे का? आणि पैसे मिळेपर्यंत किल्ली दिलीच नाही तर चालेल का?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मग. माझ्या हिशेबाने तुम्हाला ४८,००० रुपये परत यायला हवेत. किल्ली अडवून बसू नका, पण ती नुसतीच काकांच्या हातात ठेवून टेम्पोत बसूही नका. बेळगावच्या कोर्टात बावीस वर्षं भाड्याची प्रकरणं दोन्ही बाजूंनी बघतोय. डिपॉझिटचं भांडण जिंकलं किंवा हरलं जातं ते बहुतेक वेळा किल्ली हातात असतानाच्या शेवटच्या आठ दिवसांत. किल्ली गेली की उरतो तो कागद, आणि कागदाला पैसे फुटायला वेळ लागतो.

तुमच्या प्रश्नात ‘लिव्ह अँड लायसन्स’ (महाराष्ट्रात घर भाड्याने देताना करतात तो करार) हा शब्द दोनदा आलाय, तो आधी बाजूला काढू. आपल्याकडे ही एक नेहमीची गफलत होते. आपण मराठीत शोधतो, मराठीत वाचतो, आणि मराठीत जे सापडतं ते सगळं महाराष्ट्राच्या कायद्यावर लिहिलेलं असतं. घर मात्र कर्नाटकात आहे. शिनोळीपलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात, करार नोंदवायची जबाबदारी मालकावर असते, तो नोंदवला नसेल तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, हे सगळं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं. त्यात भर म्हणजे तिकडचा कायदाही १९९९ चा आणि इकडचा कर्नाटक भाडे कायदाही १९९९ चाच. नुसता ‘१९९९ चा कायदा’ म्हणून एका भाडेकरूने मालकाला चक्क महाराष्ट्राची कलमं पाठवली होती. मालकाच्या वकिलाने उत्तरात फक्त ‘‘घर बेळगावात आहे’’ एवढंच लिहिलं.

बरं, कर्नाटकचा १९९९ चा कायदाही तुमच्या उपयोगाचा नाही. महिना ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या घरांना तो लागूच होत नाही. २००१ च्या अखेरीस तो अमलात आला तेव्हा ही रक्कम मोठी वाटत असेल, आज शहरातली बहुतेक बिऱ्हाडं त्याच्या बाहेर आहेत. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असा जो मेसेज फिरतो, तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला. तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा करून तो स्वीकारल्याशिवाय कुणा मालकाला बांधत नाही. तेव्हा काकांना तो फॉरवर्ड करू नका, उगाच तुमची बाजू हलकी होते.

मग उरतं काय? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १८७२ चा करार कायदा, दोन्ही इंग्रजांच्या वेळचे. डिपॉझिट इतक्या दिवसांत परत करा, अशी ओळ दोन्हीत कुठे नाही. त्यामुळे तुमच्या अकरा महिन्यांच्या कागदावर जे लिहिलंय तोच तुमच्यापुरता कायदा, आणि कागद गप्प असेल तिथे हे दोन जुने कायदे बोलतात.

करार संपून तीन वर्षं झाली, आता तो रद्दी आहे असं काकांनी सुचवलंय. तसं नाही. मुदत संपल्यावरही मालक भाडं घेत राहिला तर तेच भाडेकरूपण महिन्या-महिन्याने पुढे चालतं, आणि जुन्या अटी लागू पडतील तिथवर सोबत येतात. डिपॉझिट तर कागदाची मुदत संपली म्हणून विरघळत नाही. कागदात रंगाची अट आहे म्हणून काका ती दाखवतात, त्याच कागदात डिपॉझिट परत करायची अट आहे ती मात्र संपली म्हणतात. दोन्ही एकदम कसं चालेल?

आता हिशेब. एकेक रक्कम घेऊ, कारण भांडण ४०,००० वर नसतं, ते चार वेगवेगळ्या आकड्यांवर असतं.

रंगाचे १५,०००. तुम्ही कराराचा फोटो पाठवलाय त्यात लिहिलंय, ‘घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे वजा केले जाईल.’ म्हणजे ८,५००. पेंटरने १५,००० सांगितले की २५,०००, त्याच्याशी तुमचा संबंध नाही. आकडा ठरवून दोघांनी सह्या केल्यात. हे ८,५०० मी तुम्हाला सोडून द्यायला सांगेन. चार वर्षांनी भिंती तशाही रंगवाव्या लागल्याच असत्या आणि खरं तर हा मालकाचा खर्च आहे, पण सही केलेली अट आहे, तिच्यावर ताकद घालवू नका. ही ओळ करारात नसती तर मी एक रुपयाही देऊ नका म्हटलं असतं. हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूवर एवढंच बंधन घालतं की घर जसं मिळालं तसं परत करा, फक्त रोजच्या वापरातली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीने झालेले बदल सोडून. फिकट झालेला रंग, सोफ्यामागचा काळपट पट्टा, देव्हाऱ्यावरच्या भिंतीला चढलेली उदबत्तीची धुरी, ही झीज. पोराने भिंतीवर मार्करने काढलेली रेल्वे ही झीज नव्हे.

नोटीशीचं ८,५००. करारात एक महिन्याची नोटीस आहे. तुम्ही ६ तारखेला कळवलंत, ३० ला जाताय. महिना पुढच्या ६ तारखेला पुरा होतो. म्हणजे सहा दिवस कमी पडले. ८,५०० भागिले ३० म्हणजे दिवसाचे साधारण २८३, सहा दिवसांचे १,७००. सहा दिवसांसाठी अख्ख्या महिन्याचं भाडं ही भरपाई नव्हे, दंड आहे. आणि करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा छापलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, जास्तीत जास्त त्या आकड्याइतकी. ‘भिंतीत खिळा मारल्यास ५,००० रुपये’ असलं काहीबाही ज्यांच्या करारात आहे त्यांनीही हे कलम लक्षात ठेवावं. (कागदात नोटीशीचा काहीच उल्लेख नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते, हेही जाता जाता.)

ओलीच्या भिंतीचे १२,०००. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बेळगावात अर्धी भांडणं ओलीची असतात. आपल्याकडे जूनअखेर ते सप्टेंबर भिंत वाळते कधी? पश्चिमेकडची भिंत पावसाचा मार खाते, गच्चीच्या कोब्याला बारीक चीर असते, आत पोपडे सुटतात. हा घराच्या बांधणीचा दोष, तो मालकाने बघायचा. तुम्ही दुसऱ्याच पावसाळ्यात काकांना भिंतीचा फोटो पाठवलात आणि ‘बघतो गवंडी’ असं उत्तर आलं, तो मेसेज सोन्यासारखा जपा. त्या एका ओळीने दोन गोष्टी सिद्ध होतात: ओल तुमच्यामुळे आली नाही, आणि मालकाला ती तेव्हापासून माहीत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, दारं फुगली, त्या भाडेकरूंकडूनही सुताराचे पैसे मागणारे मालक मी पाहिलेत. आवाक्याबाहेरची आपत्ती म्हणतात ती हीच.

उलट बाजूही सांगतो. बाथरूममधला नळ सहा महिने गळतोय, मालकाला कळवलं नाही, पाणी मुरून पलीकडच्या खोलीची भिंत गेली, तर ती ओल भाडेकरूच्या खात्यावर. एका प्रकरणात मी मालकाचा वकील होतो आणि नेमकं हेच झालं होतं. तेव्हा सरसकट ‘ओल म्हणजे मालकाचीच’ असं डोक्यात ठेवू नका. तुमच्या बाबतीत मात्र शून्य रुपये.

किरकोळ मोडतोड ४,५००. यादी मागा. तुम्हीच लिहिलंय की वॉश बेसिनला तडा मुलाकडून गेला. तो मान्य करा, साधं बेसिन आणि प्लंबरची मजुरी मिळून १,८०० धरा, जास्त म्हणाले तर बिल दाखवायला सांगा. दाराच्या दोन कड्या, पंख्याचा रेग्युलेटर, स्वयंपाकघरातला नळ, या वस्तू वापराने जातात. चार वर्षांनी गेल्या तर झीजच.

बेरीज: ८,५०० अधिक १,७०० अधिक १,८०० म्हणजे १२,०००. साठातून बारा गेले, अठ्ठेचाळीस राहिले. आता वकील म्हणून नाही, शेजारी म्हणून सांगतो, काका जागेवर ४५,००० देत असतील तर घ्या आणि निघा. तीन हजारांसाठी कोल्हापूरहून एक फेरी मारलीत तरी एसटीचं भाडं आणि मिस्टरांचा खाडा त्यात जातो. ३५,००० म्हणाले तर मात्र नाही.

एक गोष्ट बघण्यातली सांगतो, म्हणजे कागदाची किंमत कळेल. शहापुरातलं जुनं घर, खाली मालक, वर भाडेकरू. ताबा द्यायच्या दिवशी मीही गेलो होतो, दोघांचाही ओळखीचा म्हणून. मालक हातात दोन रुपयांचं नाणं घेऊन स्वयंपाकघरातल्या फरश्या एकेक वाजवत निघाले. जिथे पोकळ आवाज येईल तिथे थांबायचे, वहीत आकडा मांडायचे. ओट्याखालच्या फरशीला चीर होती, तिथे वहीत ८०० पडले. भाडेकरूची बायको काही बोलली नाही. फोन काढला, राहायला आल्या दिवशी काढलेला फोटो शोधला आणि वहीवर ठेवला. तीच फरशी, तीच चीर, कोपऱ्यात तारीख. मालकांनी चष्मा वर केला, फोटो जवळून बघितला, खाली ठेवला. ‘‘बरं, ते सोडा.’’ पुढच्या सगळ्या फरश्या न वाजवताच झाल्या.

तुमच्याकडे आल्या दिवसाचे फोटो नाहीत, हे तुम्ही कबूल केलंय. ठीक आहे. आजचे तरी काढा. सामान हलवल्यावर, रिकाम्या घराचा, दारापासून सुरू करून एका दमात व्हिडिओ. प्रत्येक नळ उघडून बंद, प्रत्येक बटण दाबून, संडासचा फ्लश ओढून, शेवटी मीटरचं रीडिंग. हा व्हिडिओ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा आणि मूळ फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली फोनमधल्या नोंदींना प्रमाणपत्र जोडून त्या पुरावा म्हणून देता येतात. पूर्वी हेच ६५ब म्हणून ओळखलं जायचं.

वीज. हे खास आपल्याकडचं, महाराष्ट्रातल्या लेखात सापडणार नाही. तुम्ही त्या घराच्या आरआर नंबरला (वीजजोडणीचा क्रमांक) आपलं आधार जोडून गृहज्योती, म्हणजे राज्य सरकारची मोफत विजेची योजना, घेतली असणार. जुलै २०२३ पासून आपल्यापैकी बऱ्याच जणांचं बिल शून्य येतं ते त्यामुळे. जाण्याआधी सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर आधार त्या नंबरापासून सोडवून घ्या. नाही सोडवलं तर पुढच्या भाडेकरूला त्या मीटरवर आपलं नाव लावायला अडचण येते, आणि मग काकांकडे तुमचे पैसे अडवायला एक खरं कारण तयार होतं. दुसरं, चार वर्षांतली हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, बिलं चाळा. एखाद्या महिन्यात जादा सुरक्षा अनामत म्हणून रक्कम आली असेल आणि ती तुम्ही भरली असेल, तर ते पैसे मीटरधारकाच्या, म्हणजे काकांच्या, खात्यावर जमा आहेत. ते वीजवापराचे पैसे नव्हेत. हिशेबात तुमच्या बाजूला धरा. भाडेकरूंना हे बहुधा माहीतच नसतं. मालकांना असतं.

आता किल्ली. किल्ली दिली नाही तर काय होतं? कायद्याने भाडेकरूपण संपलं की ताबा द्यायची जबाबदारी तुमची, आणि डिपॉझिट द्यायची त्यांची. ‘दोन्ही एकाच वेळी’ असं करारात लिहिलेलं असेल तर तुम्ही किल्ली हातात ठेवून बोलू शकता. तुमच्या करारात तसं नाही. मग रोज घर अडवल्याचे पैसे चढतात. तुम्ही कोल्हापुरात, घराला तुमचं कुलूप, आणि दोन महिन्यांनी काका म्हणणार, ‘‘आता सतरा हजार आणखी गेले.’’ हा घात माणसं स्वतःच्या हाताने करून घेतात. (पुढच्या घराच्या करारात मात्र एक ओळ घालून घ्या: ‘ताबा आणि अनामत रकमेची परतफेड एकाच वेळी होईल.’ कोल्हापूरचं घर महाराष्ट्रात, तिथला करार नोंदवावा लागेल, पण ही ओळ दोन्ही राज्यांत तेवढीच कामाची.)

तेव्हा असं करा. आजच काकांना लेखी हिशेब पाठवा, मसुदा खाली दिलाय. ३० तारखेला सकाळी दहाची वेळ द्या. टेम्पो दुपारी दोनला बोलवा, दहाला नको. टेम्पोवाला हॉर्न वाजवत असला की माणूस कशालाही हो म्हणतो. वरच्या मजल्यावरचे किंवा समोरचे कुणीतरी जाणते दोघांच्या ओळखीचे बसवा. घर दाखवा, हिशेब वाचा, पैसे यूपीआयने खात्यात आल्यावर किल्ली द्या. रोख देत असतील तर मोजून घ्या आणि पावती द्या. दिले नाहीत, तरी त्याच बैठकीत किल्ली द्या, पण एका कागदावर काकांची सही घेऊन: ‘आज दिनांक अमुक रोजी घराचा रिकामा ताबा व किल्ल्या मिळाल्या. मीटर रीडिंग अमुक. अनामत ६०,००० रुपये माझ्याकडे बाकी.’ आकडा नीट तपासा, कारण घाईत लिहिलेल्या एका पावतीत शून्याचा घोळ होऊन पुढे सहा महिने वाद झालेला मला माहीत आहे. आकड्यासोबत अक्षरी लिहा. सही करत नसतील तर किल्ली हातात देतानाचा व्हिडिओ काढा आणि लगेच व्हॉट्सॲपवर ‘ताबा दिला’ असा मेसेज टाका. मराठीत चालेल. कोर्टात गेला तर भाषांतर जोडता येतं.

‘‘नवा भाडेकरू आला की देतो’’ याचा अर्थ साधा आहे. तुमचे पैसे काकांनी केव्हाच गच्चीच्या पत्र्यात नाहीतर मुलीच्या लग्नात घातलेत, आणि आता पुढच्याच्या डिपॉझिटमधून तुमचं द्यायचं आहे. लबाडी असेलच असं नाही, पण तो तुमचा प्रश्न नव्हे. अशा वेळी पुढची तारीख टाकलेला चेक मागा. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणी पाठवायची, ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत की पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार. तोंडी ‘देतो’ पेक्षा हा कागद फार वजनाचा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा, विसरायचं नाही.

एक शब्दाचा घोळ. आपल्याकडे निम्मे लोक डिपॉझिटला ‘ॲडव्हान्स’ म्हणतात, बेंगळुरूचं वारं. मग भाडेकरूला वाटतं ॲडव्हान्स म्हणजे आगाऊ भाडं, शेवटचे दोन महिने त्यातून वळते करू. मालक म्हणतो, भाडं थकलं. सर्वांच्या संमतीने, लेखी, शेवटची भाडी डिपॉझिटमधून वळवून घेणं हा खरं तर दोघांच्या सोयीचा मार्ग आहे. डिपॉझिट सात महिन्यांच्या भाड्याएवढं असताना तुम्ही दोन महिने आधी हे बोलला असता तर आज काकांकडे ४३,००० च उरले असते. आता ती वेळ गेली, पण इतर वाचणाऱ्यांनी घ्यावं.

समजा ३० तारीख गेली आणि पैसे आले नाहीत. वकिलाची नोटीस पाठवा, व्याजाच्या मागणीसह, कारण व्याजाची लेखी मागणी केल्या तारखेपासून ते मागता येतं. सगळे अजून ‘रजिस्टर एडी’ म्हणतात, पण १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलंय, तेव्हा पोहोच मिळेल अशा पद्धतीने स्पीड पोस्टने पाठवा. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. काका लोकांना पैशापेक्षा गल्लीत वकिलाचं पाकीट आल्याची लाज जास्त असते.

त्यानंतर थेट दावा नको. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात, आपल्या कोर्टाच्या आवारातच, दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो. फी नाही. तडजोड झाली तर तिचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. ताई, अर्ज तुमच्या नावाने करा: महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. तिथेही काका आले नाहीत तर दिवाणी दावा, आणि तो बेळगावातच, कारण घर इथे, करार इथे, काकाही इथेच. मुदत तीन वर्षांची. ४८,००० साठी दावा लावायचा का? माझी फी आणि तारखांना कोल्हापूरहून येणं धरलं तर मी तुम्हाला तो शेवटचा मार्ग म्हणूनच सांगेन, भले त्यात माझं नुकसान असो.

पोलिसांत जाऊ नका. डिपॉझिट परत न देणं हा दिवाणी वाद आहे, ठाण्यात तेच सांगतील. ग्राहक आयोगाचंही तसंच, साधं भाड्याचं नातं तिथे बसत नाही. जेवणासह पीजीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा मुद्दा थोडा वेगळा, तिथे सेवा म्हणून दावा मांडायला जागा आहे.

करार ई-स्टॅम्पवर आहे ना, एवढं बघून ठेवा. बनावट मुद्रांकांचा तो प्रसिद्ध तेलगी आपल्या खानापूरचाच, आणि आता छापील कागदाच्या जागी ई-स्टॅम्प आलाय, त्याचा क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो. मुद्रांक कमी असेल तर कोर्टात तुटलेली रक्कम आणि तिच्या दहापट दंड भरल्याशिवाय कागद वाचत नाहीत. कागद अजिबात नसेल तरी घाबरू नका. बँकेतून गेलेले ६०,००० आणि ‘डिपॉझिट पोचलं’ हा मेसेज, एवढ्यावरही दावा उभा राहतो. मी शिकत असताना धारवाडात खोली घेतली होती, १,५०० रुपये रोख दिले, पावती नाही. सोडताना मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘कसले पैसे?’’ कायदा शिकत होतो मी तेव्हा!

आणखी एक, कारण हे पुष्कळदा निघतं. घर नक्की कुणाचं आहे ते बघा. उतारा आजोबांच्या नावावर, भाडं थोरला भाऊ घेतो, आणि घर सोडायच्या वेळी धाकटा येऊन सांगतो, ‘‘त्याला दिलेत ना, त्याच्याकडून घ्या.’’ भावकीच्या भांडणात पडू नका. पैसे ज्याने घेतले आणि करारावर ज्याची सही, नोटीस त्यालाच. मधल्या काळात घर विकलं गेलं असेल तर नव्या मालकाकडून ‘अनामत माझ्याकडे आली’ हे लिहून घेतल्याशिवाय पुढचं भाडं देऊ नका. आणि भाडं नाही, चार-पाच लाख एकरकमी देऊन ‘लीज’वर घर, हा जो प्रकार आता बेळगावातही आलाय, त्यात एक वर्षाच्या वरची मुदत असेल तर नोंदणी सक्तीची आहे आणि घरावर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघायचं. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

हा मसुदा. असाच पाठवा, वाढवू नका:

‘‘काका, नमस्कार. आम्ही ३० तारखेला घर सोडत आहोत. ६०,००० रुपये अनामतीतून करारानुसार रंगाचे ८,५००, नोटीशीच्या कमी पडलेल्या सहा दिवसांचे १,७०० आणि बेसिनचे १,८०० असे १२,००० रुपये वजा करून ४८,००० रुपये येणे आहेत. ओलीच्या भिंतीबद्दल आम्ही दुसऱ्या पावसाळ्यातच फोटो पाठवून कळवले होते, तो मेसेज सोबत पुन्हा पाठवत आहे. इतर दुरुस्तीची बिले असल्यास कृपया दाखवावीत. ३० तारखेला सकाळी दहा वाजता घर दाखवून किल्ल्या देऊ, तेव्हाच हिशेब पूर्ण करावा ही विनंती. गृहज्योतीचे आधार आम्ही काढून घेत आहोत. चार वर्षं तुम्ही घरच्यासारखे वागवलेत, काकूंनाही नमस्कार.’’

शेवटचं वाक्य काढू नका, ते खरं असेल तर. आणि सेवा सिंधूवरची आधार सोडवल्याची नोंद त्याच मेसेजखाली फोटो म्हणून टाका.